दुपारी अडकणारं चाक

१

"नुसतं पोरीकडे बघत बसू नकोस," शिलाई मशीनवरून मान वर न करता सासूबाई म्हणाल्या होत्या. "पोर ज्यांच्या मागे बसून जाते ना, त्यांच्याकडेही अधूनमधून बघत जा."

ती तेव्हा मुंगीच्या डब्याचं झाकण घट्ट लागलंय की नाही हे तिसऱ्यांदा तपासत होती. मुंगी म्हणजे तिची चार वर्षांची मुलगी. रोज सकाळी आजोबांच्या जुन्या मोटारसायकलवर बसून ती बालवाडीत जायची आणि दुपारी त्यांच्याच मागे बसून परत यायची.

"आई, बाबांना काय झालंय? आपल्या सगळ्यांपेक्षा ठणठणीत आहेत ते," असं म्हणून तिने विषय झटकला आणि झाकण चौथ्यांदा तपासलं.

त्याला महिना झाला नसेल. एका गुरुवारी दुपारी पावणेएकला फोन वाजला. अनोळखी नंबर होता.

"हे बघा, आधी नीट ऐका, पोरगी बरी आहे," पलीकडचा माणूस म्हणाला. "पोरगी बरी आहे, काका पण बरे आहेत. फक्त गाडी पडलीये. बाजाराच्या वळणावर, माझ्या झेरॉक्सच्या दुकानासमोर."

एक चप्पल स्वतःची आणि एक नवऱ्याची घालून ती धावत सुटली. रिक्षावाल्याला पत्ताही तिने आधी चुकीचाच सांगितला.

मुंगी झेरॉक्सच्या काउंटरवर बसली होती. गुडघा खरचटला होता आणि चेहऱ्यावर मोठा पराक्रम गाजवल्याचा भाव होता. "आई, आम्ही पडलो!" तिने जाहीर केलं. "हळूच पडलो, पण पडलो!"

सासरे गाडीजवळ उभे होते. निवृत्त ड्राफ्ट्समन, पस्तीस वर्षं सरळ रेघा मारलेला माणूस. हाताचा तळवा सोललेला. सुनेला पाहून ते एवढंच म्हणाले, "मी ब्रेक दाबला नव्हता गं. वळताना पुढचं चाक आपोआप धरलं."

संध्याकाळी मिस्त्री घरी आला. पुढचं चाक जमिनीवरून उचलून त्याने एका बोटाने टिचकी मारली. चाक गरागरा फिरलं. थांबायचं नावच घेईना.

"काका, कुठे अडकतंय? लोण्यासारखं फिरतंय की."

"दुपारी अडकलं होतं."

"दुपारी अडकतं आणि संध्याकाळी सुटतं? चाक आहे की सरकारी ऑफिस?"

सगळे हसले. सासरे हसले नाहीत. नवऱ्याने ऑफिसची बॅगही खाली ठेवली नव्हती. तो म्हणाला, "बाबा, सरळ आहे. गर्दी बघून तुम्ही घाबरलात, करकचून ब्रेक दाबलात आणि पडलात. वय झालं की होतं. रविवारी एक माणूस गाडी बघायला येणार आहे. विषय संपला."

सासरे गाडीकडे वळले. फडकं घेऊन टाकीवरची धूळ पुसू लागले. तीही डाव्या हाताने. थोड्या वेळाने, बाकीचे आत गेल्यावर, त्यांनी हळूच विचारलं, "तुलाही तसंच वाटतं का गं?"

मुंगीचा गुडघा बघायचाय, असं म्हणून ती आत निघून गेली.

२

तिच्याकडे एक वही होती. मुंगी जन्मल्यापासूनची. किती वाजता उठली, काय खाल्लं, किती वेळा शिंकली, सगळं त्यात. नवरा तिला 'पोलीस ठाण्याची डायरी' म्हणायचा. गेल्या दोन वर्षांत त्यातल्या नोंदी कमी झाल्या होत्या, पण एक सवय सुटली नव्हती. मुंगी बालवाडीत पोचल्याचा निरोप किती वाजता आला आणि घरी किती वाजता परतली, हे ती रोज लिहायची.

शुक्रवारी मुंगीला रिक्षाने बालवाडीत सोडून आल्यावर ती वही घेऊन बसली. तिला ठरवायचं होतं ते एवढंच: सासरे खरं बोलताहेत की नाही. खरं बोलत असतील, तर उद्या ती गाडी विकत घेणाराही पडणार. आणि खरं बोलत नसतील, तर तिने इतके दिवस आपली पोर कुणाच्या हाती दिली होती?

जाण्याच्या वेळा अगदी घड्याळ लावल्यासारख्या होत्या. येण्याच्या वेळा बघताना मात्र तिचं बोट एका मंगळवारवर थांबलं. त्याआधी रोज बारा पस्तीस. त्या मंगळवारी बारा बावन्न. बुधवारी पंचेचाळीस. गुरुवारी पन्नास. मग असंच, काल गाडी पडेपर्यंत.

"बाबा, हे काय?"

सासऱ्यांनी चष्मा लावून वही वाचली. चोरी पकडली गेल्यासारखा त्यांचा चेहरा झाला.

"येताना गाडी जड व्हायची. मागून कुणीतरी धरून ठेवल्यासारखी. मग मी वाचनालयाजवळच्या झाडाखाली थांबायचो. मुंगीला गोष्ट सांगायचो. दहा-पंधरा मिनिटांनी बघावं तर गाडी परत पहिल्यासारखी."

"आणि मला सांगितलं नाहीत?"

"सांगितलं असतं, तर तिला माझ्या मागे बसू दिलं असतंस?"

बसू दिलं नसतं, हे दोघांनाही माहीत होतं.

"मग काल का नाही थांबलात?"

"काल तिला शूला लागली होती," ते ओशाळून म्हणाले. "घाई झाली."

तिने वहीची पानं मागे उलटली. मंगळवारपासून गाडी अडकत होती. तर मग त्याच्या आधी गाडीला कुणाचा हात लागला होता?

शनिवार: बाबा गाडी घेऊन मिस्त्रीकडे. ब्रेकचं तेल बदललं. मुंगीने पिवळा भोपळा खाल्ला, आश्चर्य.

रविवार: ह्याने गाडी धुतली, शेजाऱ्यांच्या जोरदार पाण्याच्या पाइपने. मुंगी भिजली. दोन शिंका.

सोमवार: आईंच्या मशीनची सुई मोडली. तुकडा सापडेपर्यंत मुंगी पलंगावर. मुंगी म्हणाली, आजोबांची बोटं सकाळी उशिरा उठतात. सर्दी नाही.

म्हणजे मिस्त्री आणि नवरा. एकाने तेल ओतलं, दुसऱ्याने पाणी. दोघेही काल सासऱ्यांवर बोट दाखवायला पुढे होते, हेही तिच्या लक्षात आलं.

३

पहिली भेट झेरॉक्सवाल्याची. सासरे पडले तेव्हा सगळ्यात आधी धावला तो हाच.

"तुम्ही गाडी उचललीत ना? तेव्हा बाबांचा हात ब्रेकवर होता?"

"काका तर पोरीला उचलून माझ्या पायरीवर बसले होते. गाडीला त्यांचा हात कुठला लागायला? मी आणि हा शेजारचा, दोघांनी उचलली. आणि ताई, ती ढकलली जाईना! पुढचं चाक घट्ट. शेवटी फरफटत बाजूला घेतली."

तिच्या छातीवरचा अर्धा दगड उतरला. गाडी माणसापासून दहा पावलं दूर असतानाही चाक अडकलेलं होतं. म्हणजे बाबा खरं बोलत होते.

"अजून काही? काहीही. वेडगळ वाटलं तरी सांगा."

"वेडगळ म्हणाल तर..." त्याने कान खाजवला. "मी काकांना पाण्याची बाटली दिली. त्यांनी झाकण उघडायला पोरीलाच दिली. मला वाटलं, तिचं मन रमवताहेत. तिच्या हातून पाणी सांडलं, ते पायरीशेजारी आणून लावलेल्या गाडीच्या चाकाच्या त्या गोल तबकडीवर. तर असं चर्र झालं! तापलेल्या तव्यावर पडावं तसं. वाफ आली."

तिने ते लिहून घेतलं. चर्र. गाडी सावकाश येत होती. तिची ब्रेकची तबकडी एवढी तापली कशाने?

दुसरी भेट तिच्याच घरातली. नवरा दुपारी कागद न्यायला आला होता, त्याला तिने स्वयंपाकघराच्या दारात अडवलं.

"त्या रविवारी गाडी धुतलीस, ते पाणी ब्रेकमध्ये कुठवर मारलंस?"

"झाली सुरू चौकशी! आरोपीला वकील मिळेल का?"

"मिळेल. आधी उत्तर."

"चाकाला चिखल होता, तर चाकावरच मारणार ना? त्यात एवढं काय?" पण त्याची नजर चुकली. पाच वर्षांच्या संसारात ही नजर तिला पाठ झाली होती. घरातली कुंडी फुटली की ती अशीच भिंतीवरच्या कॅलेंडरकडे जायची.

"तू काहीतरी लपवतोयस."

"मला उशीर होतोय," म्हणून तो सटकला, आणि न्यायला आलेले कागद टेबलावरच विसरला.

४

शनिवारी सकाळी मुंगीला बालवाडीत सोडून ती सासऱ्यांबरोबर मिस्त्रीच्या गॅरेजवर गेली. गाडी आदल्या संध्याकाळीच तिथे नेऊन ठेवली होती. हातात एक दिवस होता. उद्या गिऱ्हाईक.

"ताई, मी तेल बरोब्बर घातलंय," तिने विचारायच्या आतच मिस्त्री म्हणाला. त्याने सीलचा डबा दाखवला, हँडलवरच्या छोट्या टाकीचं झाकण काढून आतलं तेलही दाखवलं. स्वच्छ, खुणेपर्यंत, एक थेंबही जास्त नाही. "लोक तिथे इंजिनाचं तेल ओततात, मग आतले रबर फुगतात. माझ्या हातून तसलं पाप होणार नाही."

"बरं. पण तुम्ही परवा गाडी थंड असताना बघितलीत. तापल्यावर बघू या. बाजाराचा रस्ता म्हणजे पावलोपावली ब्रेक. इथे मागच्या मैदानात तशीच चालवा."

मिस्त्रीने सासऱ्यांकडे पाहिलं. "काका, तुमची सूनबाई आणि मी पार्टनरशिपमध्ये धंदा काढू का?"

"तिला वही ठेवायला दे फक्त," सासरे म्हणाले. दोन दिवसांत पहिल्यांदा हसले.

मिस्त्री मैदानात फेऱ्या मारू लागला. वीस पावलं पुढे, ब्रेक. वीस पावलं, ब्रेक. पाच मिनिटं झाली, दहा झाली. काही होईना. सासरे जुन्या टायरवर बसून होते, उजवा हात खिशात. तिला वाटू लागलं की आपण उगाच सगळ्यांचा वेळ घेतोय.

सतराव्या मिनिटाला गाडी रेंगाळली. इंजिन घुरघुरायला लागलं, चाक पुढे जाईना. मिस्त्रीने लिव्हर पूर्ण सोडून दोन्ही हात वर केले. गाडी जागच्या जागी उभी.

"च्यायला!" तो ओरडला. "काका, धरलंय की हो खरंच!"

सासऱ्यांनी मान खाली घातली. सुनेला दिसलं, त्यांचे डोळे भरून आले होते.

मग मात्र मिस्त्री पेटला. गाडी ढकलत नेण्यापेक्षा हत्यारंच मैदानात आणली. "आता बघा गंमत. चाकाजवळ हा जो जबडा आहे ना, कॅलिपर, त्याच्यात गंज धरला असेल तर दाब काढला तरी तो सोडणार नाही. पाण्याने बिघडला असेल तर इथेच कळेल." त्याने कॅलिपरवरचा छोटा स्क्रू किंचित सैल केला. तेलाची बारीक चिळकांडी उडाली आणि चाक सुटलं.

"जबडा निर्दोष. म्हणजे दाब आत कोंडलाय, बाहेर पडायला वाट मिळत नाहीये."

नवरा सुटला, तिने मनात लिहिलं.

तेल भरून, हवा काढून पुन्हा फेऱ्या. या वेळी बाराव्या मिनिटालाच चाक धरलं. आता मिस्त्रीने खालच्या स्क्रूला हात लावला नाही. वर हँडलपाशी, जिथून रबरी नळी खाली निघते, तिथला बोल्ट जरासा ढिला केला. पुन्हा चाक सुटलं.

"नळी आतून फुगून बंद झाली असती, तर वरून सोडून उपयोग झाला नसता. म्हणजे नळीही निर्दोष." तो मागे सरकला आणि कपाळ पुसत म्हणाला, "चोर वर आहे ताई. हँडलवरच."

५

मिस्त्रीने पान्हा खाली ठेवला. "आता हँडलवरचा, ब्रेकचं तेल खाली ढकलणारा पंप खोलावा लागेल. पण खरं सांगतो, या जुन्या गाडीचा पंप आता मिळत नाही. खोलताना काही बिघडलं तर गाडी कायमची उभी. उद्या गिऱ्हाईक येतंय ना? देऊन टाका. त्यांचं ते बघतील."

"आणि त्यांच्या मागे कुणाची पोर बसली असेल तर?" ती म्हणाली. "थांबा जरा. मला विचार करू द्या."

ती वही उघडून टायरपाशीच बसली. बाटलीचं झाकण. डाव्या हाताने फडकं मारणारे बाबा. खिशातून बाहेर न येणारा उजवा हात. मुंगीसाठी ते रोज एक घर काढून द्यायचे, खिडक्या-कौलांसकट. ते घर गेल्या कित्येक दिवसांत फ्रिजवर लागलं नव्हतं. आणि मुंगीचं ते वाक्य, जे तिने सर्दीच्या शेजारी लिहून सोडून दिलं होतं.

"बाबा, उजवा हात दाखवा."

"कशाला?"

"दाखवा ना."

त्यांनी हात बाहेर काढला. "मूठ मिटा. आता उघडा."

दोन बोटं उघडली. मधलं आणि त्याच्या शेजारचं वाकलेलंच राहिलं. सासऱ्यांनी डाव्या हाताने एकेक धरून सरळ केलं. स्विच दाबल्यासारखा टक् आवाज आला. मिस्त्रीने तोंड फिरवलं.

"कधीपासून?"

"झाले दोन-तीन महिने. सकाळी जास्त असतं."

ती उठून गाडीजवळ गेली. मूठ धरून पाहिली, लिव्हरकडे बोटं लांबवली. "बाबा, ही बोटं सरळच होत नाहीत. मग ब्रेकच्या लिव्हरपर्यंत पोचतात कशी?"

"पोचतात की आता."

"आता म्हणजे? आधी नव्हती पोचत?"

सासऱ्यांनी हात परत खिशात घातला.

ती मिस्त्रीकडे वळली. तिचा आवाज आता वेगळा येत होता, कॉलेजात प्रमेय सिद्ध करताना यायचा तसा. "बोटं तर लांब झालेली नाहीत. म्हणजे लिव्हरच जवळ आलं असणार. मिस्त्री, लिव्हर मुठीजवळ आणायचं असेल तर काय करतात?"

"नव्या गाड्यांना चकती असते, फिरवली की येतं जवळ. याला कुठली चकती? याला जवळ आणायचं म्हणजे लिव्हर आणि पंपाच्या मध्ये काहीतरी कोंबून..." बोलता बोलता तो थांबला. त्याचा हात लिव्हरच्या सांध्यावरच्या रबरी टोपीकडे गेला. "ही टोपी जरा फुगलीये का हो?"

त्याने टोपी नखाने वर सरकवली.

आत नखाएवढी चामड्याची घडी होती. चार थर, एकावर एक. कडेने बारीक, एकसारखे टाके. मरून धाग्याचे.

तोच धागा मुंगीच्या दप्तराच्या पट्ट्याला होता.

६

मिस्त्रीने घडी चिमट्याने ओढून काढली. लिव्हर टक्कन पुढे गेलं. त्याने ते हलवून पाहिलं. दाब सुरू होण्याआधी आता थोडं मोकळं हलत होतं.

"हा खेळ लागतो. खेळ! आणि मी शहाणा," त्याने कपाळावर हात मारला. "मला लिव्हर कडक लागलं तेव्हा वाटलं, वा, काय तेल भरलंय मी, काय हवा काढलीये! स्वतःवरच खूश."

मग त्याने तिला समजावलं. पंपात सुईच्या टोकाएवढं भोक असतं. लिव्हर सोडलं की तापून फुगलेलं तेल त्या भोकातून परत टाकीत जातं. पण लिव्हर पुरतं बाहेर आलंच नाही, तर आतला दट्ट्या त्या भोकाच्या तोंडावरच बसून राहतो. बाजारात ब्रेक मारून मारून तेल तापतं, फुगतं, वाट मिळत नाही म्हणून चाकाला दाबत राहतं. चाक घासलं की आणखी तापतं. सकाळी रस्ता रिकामा, ब्रेक कमी, म्हणून काही होत नाही. आणि झाडाखाली पंधरा मिनिटं उभी राहिली की सगळं थंड, चाक मोकळं.

घडी काढून त्याने वीस मिनिटं फेऱ्या मारल्या. मग आणखी दहा. चाक अडकलं नाही.

घरी आल्यावर तिने ती घडी शिलाई मशीनवर, सासूबाईंच्या समोर ठेवली. सासरे दारातच थांबले होते.

"सापडली का?" सासूबाई घडीकडे बघत म्हणाल्या. "चामडं जाड होतं, सुई मोडली माझी."

"आई, हे कशासाठी?"

"कशासाठी काय? ह्यांची बोटं पोचत नव्हती. आयुष्यभर मी दुसरं काय केलंय? बाही लांब पडली, आत घे. कंबर सैल झाली, आत घे. ह्यांना ब्रेक लांब पडत होता, तोही घेतला आत." मग सुनेचा चेहरा बघून त्यांचा हात मशीनच्या चाकावरच थबकला. "का गं? काय झालं?"

तिने सांगितलं. जमेल तितकं हळू सांगितलं. तरी सासूबाईंचा चेहरा पांढरा पडत गेला.

"म्हणजे पोर माझ्यामुळे पडली?"

त्या उठल्या, पलंगावर खेळणाऱ्या मुंगीपाशी गेल्या आणि तिचा खरचटलेला गुडघा दोन्ही हातांनी झाकून बसल्या. रडत होत्या, पण आवाज नव्हता. मुंगीने आजीचं डोकं थोपटलं. "आजी, खपली पडली की तुला देईन हं."

"आई, मला स्पष्ट सांगायचं होतंत ना," ती सासूबाईंच्या शेजारी बसत म्हणाली.

"ह्यांनी शपथ घातली होती. पोराला कळलं तर गाडी जाईल म्हणाले."

"शपथ कुठली? विनंती केली होती मी," सासरे दारातून म्हणाले.

"चाळीस वर्षांत पहिल्यांदा विनंती केलीत. मला ती शपथेसारखीच वाटली."

ती हसली, मग तिलाही रडू आलं. राग कुणावर धरायचा? सासरे सासूबाईंना जपत होते, सासूबाई सासऱ्यांना, दोघं मिळून नातीला. आणि ती स्वतः डब्याचं झाकण तपासत बसली होती.

नवरा आला तेव्हा सगळे मशीनभोवती बसले होते. त्याने सगळं ऐकून घेतलं, घडी हातात घेऊन उलटसुलट केली आणि बराच वेळ कॅलेंडरकडे बघत राहिला.

"बाबा," तो शेवटी म्हणाला, "मला वाटत होतं माझ्याच पाण्याने ब्रेकला गंज चढला. दोन दिवस झोप नाही मला. म्हणून तुमच्यावर ढकललं."

"तू लहानपणीही कुंडी फोडून मांजरावरच ढकलायचास," सासरे म्हणाले. "इकडे ये."

तो गेला. त्यांनी उजवा हात त्याच्या खांद्यावर ठेवला. दोन बोटं वाकलेलीच होती. मुलाने तो हात तसाच धरून ठेवला आणि दुसऱ्या हाताने गिऱ्हाइकाला फोन लावला. "नाही, विकायची नाहीये. तुमचा रविवार मोकळा झाला."

सोमवारी डॉक्टरांनी बोटं तपासली. बोटाची शीर ज्या नळीतून सरकते ती सुजली आहे, म्हणाले. एक इंजेक्शन, सहा आठवडे पट्टी, गाडी बंद. वय झालं म्हणून सोसत बसायचं दुखणं नाही हे, आधीच यायला हवं होतं, असंही म्हणाले. सहा आठवडे आजोबा आणि नात रिक्षातून गेले, आणि मिस्त्रीने कुठून तरी एक वळणदार, मुठीजवळ राहणारं लिव्हर शोधून बसवलं. खेळ मात्र पुरेसा ठेवून. पट्टी सुटल्यावर तिने मैदानात खडूची रेघ मारली आणि सासऱ्यांना पंधरा वेळा त्या रेघेवर गाडी थांबवायला लावली. पंधराही वेळा चाक रेघेवर थांबलं. सोळाव्या फेरीला ती स्वतः मागे बसली. सतराव्या फेरीला मुंगी.

ही गोष्ट इथवर वाचलीत, आता तिचं तुमच्याकडे एक काम आहे. तुमच्याही घरात एखादं माणूस असेल, जे सगळ्यांचं सगळं करतं आणि स्वतःबद्दल विचारलं की हसून बोलणं टाळतं. आज त्यांच्या शेजारी जाऊन बसा. कुठे दुखतंय का, असं विचारू नका. 'कुठे काय' असंच उत्तर येईल. त्यांना विचारा, अलीकडे कुठलं काम करायचं तुम्ही गुपचूप सोडून दिलंत? आणि ते सांगेपर्यंत तिथून उठू नका.